चुन्याच्या रेघेबाहेरचा दगड

परवा नातीचा फोन आला. ती नागपूरला चित्रकला शिकते आहे, यंदा शेवटचं वर्ष. म्हणाली, "आजी, तुम्ही शाळेत जमिनीवर मातीचा नकाशा करायच्या ना गं? कसा करायच्या ते नीट सांग. मला इन्स्टॉलेशन करायचंय."

इन्स्टॉलेशन म्हटल्यावर मला आधी गॅसची शेगडी जोडायला येणारा माणूसच आठवला! मग तिने समजावून सांगितलं. चित्र भिंतीवर टांगायचं, शिल्प चौथऱ्यावर ठेवायचं, आणि इन्स्टॉलेशन म्हणजे एखादी जागाच अशी मांडायची की बघणारा तिच्या आत शिरतो. मराठीत त्याला 'मांडणशिल्प' म्हणतात म्हणे. शब्द मला फार आवडला. आपण पूजा मांडतो, भातुकली मांडतो, संसार मांडतो. तसंच हे.

तिला खोलीभर आपला गोंदिया जिल्हा मांडायचा आहे. खरी माती, खरं तणस, खरे दगड. लोकांनी त्यातून चालायचं आणि आपापलं गाव शोधायचं. तिने मला मुंबईच्या रीना सैनी कलाट यांच्या कामाचा फोटोही पाठवला. त्यांनी विजेच्या रंगीबेरंगी तारांचा भिंतभर जगाचा नकाशा विणला आहे, आणि माणसं पोट भरायला किंवा जीव वाचवायला ज्या वाटांनी देशोदेशी गेली त्या वाटा त्या तारांनी दाखवल्या आहेत. २०१६ साली तो न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयात मांडला होता. बघून थक्क झाले.

पण मी तिला म्हटलं, बेटा, नकाशा जमिनीवर मांडायचा ही गोष्ट काही आजची नाही. या कल्पनेचं एक मोठं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ सुरू झालं आणि काशीला जाऊन पुरं झालं. ती म्हणाली, "आजी, मग तू ते लिहूनच काढ ना." म्हणून हा लेख. वाचकहो, शिक्षिकेची सवय आहे, थोडं लांबण लागेल. सांभाळून घ्या.

तर हिंगण्यापासून सुरुवात करते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा मुलींना शिकवायचं म्हणून लोकांचा रोष, त्यात पुण्यात प्लेग. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत हलला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि तिथून चिखल तुडवत हिंगण्याला पायी जात, हे आपण सगळ्यांनीच शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. या आश्रमात जमिनीवर मातीचा हिंदुस्थानचा नकाशा केलेला होता. डोंगर उंच, नद्या खोल, असा उठावाचा.

१९१३ च्या डिसेंबरात कराचीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथून परतताना काशीचे एक तरुण श्रीमंत गृहस्थ, बाबू शिवप्रसाद गुप्त, मुंबईमार्गे पुण्याला आले आणि कर्व्यांचा आश्रम बघायला गेले. तो मातीचा नकाशा त्यांनी बघितला आणि तो त्यांच्या मनातून जाईना. पुढे ते जगप्रवासाला निघाले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांना तसेच उठावाचे नकाशे दिसले, आणि आपल्या गावी असा नकाशा करायचाच, तोही संगमरवरात, हे त्यांनी ठरवून टाकलं.

मी नेहमी विचार करते की त्या आश्रमातल्या मुलींना तो नकाशा कसा वाटत असेल. ज्यांनी माहेर आणि सासर यापलीकडे काही पाहिलेलं नाही, आणि नवरा गेल्यावर ज्यांना अंधाऱ्या खोलीत कोंडलं गेलं, त्यांच्या समोर सबंध देश अंगणात पडलेला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत वीसेक पावलांत चालून जायचं! त्याच आश्रमात आलेल्या पार्वतीबाई आठवले पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. नकाशामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही. पण घराच्या उंबरठ्यापलीकडे काय आहे हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं.

आता काशी. शिवप्रसादजींबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १९२० मध्ये त्यांनी 'आज' हे हिंदी दैनिक सुरू केलं. त्याचे नामवंत संपादक बाबूराव विष्णु पराडकर, म्हणजे काशीत स्थायिक झालेल्या मराठी घरातले. १९२१ मध्ये असहकाराच्या दिवसांत शिवप्रसादजींनी काशी विद्यापीठ उभं केलं. त्याच आवारात हे नकाशाचं मंदिर आहे. भारतमाता मंदिर. आत मूर्ती नाही. गाभाऱ्याच्या जागी जमिनीवर संगमरवरी हिंदुस्थान पसरलेला आहे.

काम १९१८ ते १९२४ असं चाललं. दुर्गाप्रसाद खत्री आणि त्यांच्या हाताखालचे कारागीर यांनी ते केलं. अकरा अकरा इंचांचे ७६२ चौकोनी दगड आणि काही लहान तुकडे जोडून हा नकाशा झाला. लांबी ३१ फूट २ इंच, रुंदी ३० फूट २ इंच. जमिनीवरचे ६.४ मैल म्हणजे नकाशावर एक इंच, आणि उंचीला मात्र २००० फूट म्हणजे एक इंच.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी होते. ही दोन मापं वेगळी का? गणित करून बघा. ६.४ मैल म्हणजे सुमारे ३३,८०० फूट. उंचीलाही तेच माप लावलं असतं तर २९,००० फुटांचं एव्हरेस्ट इंचभरसुद्धा भरलं नसतं. आमचा गोंदिया समुद्रसपाटीपासून हजारेक फूट, तो तर कागदाइतका सपाट झाला असता. म्हणून उंची जवळजवळ सतरा पट वाढवली. त्यामुळे एव्हरेस्ट साडेचौदा इंच उभं राहतं आणि आमच्या गोंदियाला अर्धा इंच मिळतो. गोंदिया ते नागपूर हे आगगाडीचं सुमारे १३० किलोमीटरचं अंतर तिथे फूटभरात संपतं. मातीचा असो की संगमरवराचा, प्रत्येक उठावाच्या नकाशात ही थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. नाहीतर डोंगर दिसतच नाहीत.

आणि हे आकडे मुळात आले कुठून? तर साहेबाच्या मोजणीतून. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून काम सुरू केलं आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ ला तो वारला, तो आपल्या विदर्भात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर काम पुढे नेणारा जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव पुढे शिखराला दिलं. नागपूरचा झिरो माइलचा खांबही याच मोजणीच्या घराण्यातला, १९०७ सालचा. मुलुख ताब्यात ठेवायला, सारा वसूल करायला साहेबाने देश मोजला. तीच मापं घेऊन कर्व्यांच्या आश्रमात आणि काशीत आपल्या लोकांनी तो देश आपला म्हणून मांडला. एका हिंगणघाटला मोजणारा निजला आणि दुसऱ्या हिंगण्याला मापांतून माती उभी राहिली, हा नावांचा योगायोग मला वर्गात सांगायला फार आवडायचा.

मंदिराचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते २५ ऑक्टोबर १९३६ ला झालं. त्याच वर्षी एप्रिलात गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. हे मंदिर सर्व धर्मांच्या आणि हरिजनांसह सर्व जातींच्या लोकांचं व्हावं अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. काळारामाच्या दारातला सत्याग्रह १९३० साली सुरू झालेला, तो काळ आठवा. म्हणजे या बोलण्याचं वजन कळेल.

आणि गंमत बघा, गंमत म्हणू की काय म्हणू... उद्घाटनाला सहा महिने व्हायच्या आत, १ एप्रिल १९३७ ला, ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. दहा वर्षांनी फाळणी झाली. संगमरवर तिथेच, तसाच. सिंधू तिथेच, इरावती तिथेच. पण आता त्या दगडांवर अनेक देश.

हे मला परकं वाटत नाही, कारण आमच्या घराचंही असंच झालं. माझा जन्म १९५० चा. तेव्हा आमचं गाव मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा भंडारा होता, तो १ मे १९९९ ला गोंदिया झाला. म्हणजे वडिलांनी घराची एक वीटही हलवली नाही आणि आमचा पत्ता तीन वेळा बदलला! सांदवाडीतलं चिंचेचं झाड मात्र जागचं हललं नाही. शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा रंगवलेला नकाशा १९९९ नंतर पुसून नवा काढला, तेव्हा एका पोराने विचारलं होतं, "बाई, भंडारा कुठं गेला?" काय सांगणार?

आता आमच्या शाळेचा मातीचा नकाशा. मी अर्जुनी-मोरगावच्या भागात शिकवायला होते. आमच्या तेव्हाच्या मोठ्या गुरुजींनी ही प्रथा पाडलेली. दिवाळी झाली, धान कापून झाला की मुलं कामाला लागायची. बोडीतली चिकण माती, वारुळाची माती, त्यात तणस बारीक कापून कालवायचं, नाहीतर तडे जातात. आधी दोऱ्या ताणून जमिनीवर चौकोन आखायचे, पुस्तकातल्या नकाशावर तितकेच चौकोन, आणि एकेक चौकोन एकेका गटाला. (काशीचे दगड अकरा इंचांचे, आमचे चौकोन हातभर लांबीचे, एवढाच फरक!) हिमालयाच्या पोटात विटांचे तुकडे. समुद्राला निळीचं पाणी. देशाच्या कडेने चुन्याची रेघ. २६ जानेवारीला झेंड्याच्या आधी सगळा गाव तो बघायला यायचा. बायाबापड्या वाकून वाकून विचारायच्या, "आपला गाव कोनता?" मग मुलं त्या जागी तांदळाचा एक दाणा ठेवून दाखवायची. पावसाळ्यात सगळं वाहून जायचं, आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

१९७८-७९ चं वर्ष असेल. आमच्या भागात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये ती वसली. आपल्याकडे सगळे तिला 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्यांच्या मागोमाग आलेल्या लोकांतली ही माणसं. इथे मका पिकवतात, थंडीत शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. त्या कॅम्पातला एक मुलगा त्या वर्षी आमच्या वर्गात होता. नाव लिहीत नाही. अबोल, पण चिखलात हात घालायला सगळ्यांत पुढे. हिमालय त्याच्याच गटाकडे होता आणि तसा हिमालय आमच्या शाळेत पुन्हा झाला नाही.

काम झाल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आपापल्या गावाच्या जागी दाणा ठेवा. सगळे जिथे वाकले तिथे तोही वाकला, कॅम्पाच्या जागी दाणा ठेवला. मग उठून हिमालयाच्या पलीकडे गेला आणि तिथे, चुन्याच्या रेघेबाहेर, कोऱ्या जमिनीवर एक गुळगुळीत काळा दगड ठेवला.

मी विचारलं, "हे काय रे?"

"बाबाचं गाव आहे, बाई."

मुलं हसली. मी हसले नाही, पण म्हटलं, "ते आपल्या नकाशात येत नाही."

तो म्हणाला, "म्हणून बाहेरच ठेवला."

त्याचा जन्म भारतातला. बापाचं गाव त्याने पाहिलेलं नव्हतं. दगड कॅम्पाजवळच्याच नाल्यातला होता. दुसऱ्या दिवशी अंगण झाडणाऱ्या मुलांनी तो भिरकावून दिला. मधल्या सुट्टीत तो पुन्हा जागेवर होता. असं तीनचारदा झालं. मी बघत होते, काही बोलले नाही.

२६ जानेवारीला जे पाहुणे आले त्यांनी नकाशाचं फार कौतुक केलं. मग त्यांची नजर त्या दगडावर गेली. "हा कशाला इथे? फोटोत बरा दिसणार नाही." आणि मी, चार पावलं चालत गेले, तो दगड उचलला आणि मेंदीच्या कुंपणामागे टाकून दिला. रांगेत उभा राहून तो बघत होता. त्यानंतर त्याने तो परत ठेवला नाही. पुढच्या वर्षी तो आमच्या शाळेत नव्हता.

एवढीशी गोष्ट. कुणी म्हणेल, बाई, दगडच तो. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी जे जे केलं त्यातलं हे एक मला अजून टोचतं. पाहुण्यांना "राहू द्या साहेब, मुलाने ठेवलाय" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी २००८ मध्ये निवृत्त झाले. २०११ साली आम्ही दोघं काशीला गेलो. गंगा झाली, विश्वनाथ झाला. मी ह्यांना म्हटलं, आता मला माझ्या देवळात न्या. भारतमाता मंदिरात त्या वेळी फारशी गर्दी नव्हती. मी कठड्याला धरून आधी खाली, दक्षिणेकडे बघितलं, मग आपला भाग शोधला. सातपुडा सापडला, त्याच्या खाली वैनगंगेचं खोरं. ह्यांना दाखवलं, "हे बघा, साधारण इथे आपण." मग नजर वर वर गेली, हिमालयावरून पलीकडे उतरली. आणि तिथे नकाशा संपत नव्हता!

घरी आल्यावर मी वहीत हिशेब केला. लांबी-रुंदीचे इंच काढून ६.४ ने गुणले. दक्षिणोत्तर २३०० मैल तर होतातच. लंकेपासून वर मोजत गेलं तर पामीरपर्यंत पोचतो. पूर्व-पश्चिम २४०० मैलांच्या आसपास, म्हणजे इकडे हेरातपासून तिकडे मोलमीनपर्यंत. शिवप्रसादजींच्या कारागिरांनी हिमालय कापून टाकला नाही, त्याच्या पाठीमागची जमीनही घडवली. ल्हासा ज्या पठारावर आहे त्याचा बराचसा भाग त्या चौकटीच्या आत येतो. पंधरा हजार फुटांचं पठार, म्हणजे साडेसात इंच उंच संगमरवर.

त्या मुलाच्या बापाचं गाव काशीच्या नकाशात होतं. १९२४ पासून होतं. त्याचा अर्थ ते आपल्या देशात होतं असा नाही, आणि तसं मला म्हणायचंही नाही. तिबेट आपलं नव्हतं. पण ज्याने डोंगर घडवला त्याला माहीत होतं की डोंगराला दुसरी बाजूही असते. मी भूगोल शिकवत होते आणि मला ते सुचलं नाही. मी चुन्याची रेघ शिकवली.

कठड्याशी उभी राहून मला रडू आलं. ह्यांना वाटलं, देशभक्तीने आलं. मीही तसंच वाटू दिलं. आज पहिल्यांदाच लिहिते आहे. हे असते तर म्हणाले असते, मला तेव्हाच सांगायचं ना.

असो. नातीला नकाशाची सगळी कृती सांगितली. माती किती दिवस भिजवायची, तणस किती बारीक कापायचं, चौकोन कसे आखायचे. वारुळाची माती घेताना वारूळ पुरं मोडायचं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आजी, जिल्ह्याची हद्द चुन्यानेच काढू ना?" मी म्हटलं, काढ. हद्द खोटी नसते, सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळं तिच्यावर चालतं. पण हद्दीबाहेर खोलीची फरशी तशीच सोडू नकोस. तिथेही चारी बाजूंना दोन दोन हात माती पसर, बालाघाटकडे, राजनांदगावकडे, गडचिरोलीकडे, भंडाऱ्याकडे. आणि दाराशी टोपलीत दगड ठेव. ज्याचं गाव आत असेल तो आत ठेवील, ज्याचं बाहेर असेल तो बाहेर. झाडणाऱ्याला आधीच सांगून ठेव, एकही उचलायचा नाही.

"आणि तू, आजी? तू येशील तेव्हा तुझा दगड कुठे ठेवशील?"

मी सांगितलं, माझे दोन आहेत. एक तू म्हणशील तिथे. दुसरा मी घरून घेऊन येईन, काळा, गुळगुळीत. तो खोलीच्या अगदी उत्तरेच्या भिंतीला टेकवून ठेवायचा आहे. वाकायला जमत नाही आता, गुडघे दुखतात. तू ठेवून दे.

तुमच्यापैकी कुणी काशीला गेलात तर विद्यापीठाच्या आवारात नक्की जा. आणि हिमालयापाशी थांबू नका, थोडं पुढे बघा.